पहिले पुस्तक एकोणीस अंशांचे

काल, शनिवारी १० जानेवारीला, गुरू प्रतियुतीत आला. बातमी सगळ्यांनी वाचली आहे, तेव्हा प्रतियुतीची व्याख्या इथे नको. ठाण्यातल्या कोलशेतच्या रेतीबंदरावर दिवस मावळल्यावर उभे राहिले की खाडीपलीकडून, काल्हेर-कशेळीच्या बाजूने, तो सध्या वर चढताना दिसतो. पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि त्यांच्या आधी टॉवर. पूर्व मात्र इथे अजून बऱ्यापैकी मोकळी आहे. रात्री साडेबारा-पाऊणला तो जवळजवळ डोक्यावर येतो. अशी बातमी आली की दोन गोष्टींची चौकशी वाढते: दुर्बीण कुठली घ्यावी आणि पुस्तक कुठले. दुर्बिणीचा विचार वर्षभर लांबणीवर टाकावा. पुस्तकाचा मात्र आत्ताच करावा, कारण आकाश ओळखायला जानेवारीसारखा महिना नाही.

मराठी घरात पहिले नाव निघते ते जयंत नारळीकरांच्या ‘आकाशाशी जडले नाते’चे. ते प्रत्येक घरात असावे. पण ते खगोलशास्त्र समजावून सांगणारे पुस्तक आहे. गच्चीवर नेऊन, समोरचा तारा कोणता हे ठरवायला ते लिहिलेले नाही. वाचायचे पुस्तक आणि बघायचे पुस्तक यांत गल्लत झाली की महिनाभरात दोन्ही कपाटात जातात.

बघायच्या पुस्तकाची पहिली परीक्षा अक्षांशाची, आणि नेमकी तीच कोणी घेत नाही. ठाणे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे ध्रुवतारा इथे क्षितिजापासून साधारण १९ अंशांवर दिसतो. हात ताठ करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश भरते, म्हणजे दोन मुठींहून किंचित खाली. युरोप-अमेरिकेत छापलेली बहुतेक पुस्तके चाळीस-पन्नास अंशांवरच्या वाचकासाठी असतात. त्यांत सप्तर्षी जवळपास कधीच न मावळणारे म्हणून दाखवलेले असतात आणि नवख्याला उत्तर शोधायला तेच दिले जातात. ठाण्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. तेव्हा उत्तर दाखवते ती शर्मिष्ठा.

उलट, रात्रीच्या आकाशातला व्याधाखालोखाल तेजस्वी तारा, अगस्ती, लंडनहून कधीच दिसत नाही. कोलशेतहून तो या आठवड्यात रात्री साडेअकराच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, सुमारे अठरा अंशांवर असतो. दक्षिणेला इमारत आडवी नसेल तर शोधावाही लागत नाही. जे पुस्तक जानेवारीच्या पानावर अगस्ती दाखवत नाही, ते दुकानातच ठेवून यावे. फिरत्या चकतीच्या नकाशालाही हाच नियम: चकतीवर अक्षांश छापलेला असतो, तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी परीक्षा उजेडाची. डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे, म्हणजे अगदी मंद, तारे दिसतात असे पुस्तके सांगतात, आणि ते अंधाऱ्या माळरानावर खरेही आहे. कोलशेत, कल्याण वा डोंबिवलीच्या गच्चीवरून तिसरी-चौथी प्रत दिसली तरी पुष्कळ. अशा ठिकाणी दाट ठिपक्यांचा नकाशा उघडला तर कागदावर दिसणारे निम्म्याहून अधिक तारे आकाशात सापडतच नाहीत, आणि माणूस स्वतःलाच दोष देतो. पहिले पुस्तक वीस-पंचवीस ठळक ताऱ्यांपासून सुरू होणारे हवे. मृगाच्या पोटातला बाण सापडला की त्याची रेघ एका बाजूला व्याधाकडे आणि दुसऱ्या बाजूला रोहिणीकडे नेते. रोहिणीच्या पुढे कृत्तिका. एवढे शहराच्या उजेडातही जमते.

तिसरी परीक्षा चित्रांची, आणि तिच्यासाठी एका इंग्रजी पुस्तकाची गोष्ट सांगायलाच हवी. गाय कॉन्सोलमॅग्नो हे ग्रहविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ, पुढे व्हॅटिकनच्या वेधशाळेचे संचालक झाले. पण छोट्या दुर्बिणीतून काय बघायचे हे त्यांना ठाऊक नव्हते! डॅन डेव्हिस या मित्राने त्यांना हंस तारकासमूहातला अल्बिरिओ हा जोडतारा दाखवला, एक पिवळा, एक निळा, आणि त्यातून १९८९ मध्ये दोघांचे ‘टर्न लेफ्ट ॲट ओरायन’ आले. त्याचे मोठेपण चित्रांत आहे. छोट्या दुर्बिणीत जेवढे दिसते तेवढेच काढलेले, काळे-पांढरे. देवयानीतली दीर्घिका म्हणजे धुरकट डाग, तर डागच काढायचा. ज्या मार्गदर्शकात पानोपानी हबलची रंगीत छायाचित्रे आहेत, तो नवख्याची निराशाच करतो, कारण त्या रंगांची वाट बघत तो समोरचा खरा डाग सोडून देतो.

मराठीला ही परंपरा नवी नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिःशास्त्राचा मोठा इतिहास १८९६ मध्ये प्रसिद्ध केला, पण त्याआधी सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले; त्याचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. पेशाने शिक्षक असलेल्या माणसाने आपल्याच अंगणातून दिसणारे आकाश आपल्या नावांनी सांगितले. आज मराठीत खगोलावर लिहिणारे कमी नाहीत. पण महिनावार नकाशे असलेले, महाराष्ट्राच्या अक्षांशाचे, टॉर्चच्या उजेडात वाचता येईल अशा टायपातले पुस्तक प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात असायला हवे, आणि त्यासाठी प्रकाशकांकडे आग्रह धरायला हवा.

नकाशा जमिनीवर ठेवून बघू नये, डोक्यावर धरावा. तरच त्यातले उलटे वाटणारे पूर्व-पश्चिम जुळतात. हे एकदा कोणी शेजारी उभे राहून दाखवले की पुरते. त्यासाठी कल्याणचे आकाशमित्र मंडळ आहे. हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी, १९८५ मध्ये, सुरू झालेल्या मुंबईच्या खगोल मंडळाची रात्रभराची आकाशदर्शने वांगणीला होतात, म्हणजे डोंबिवलीकरांना कर्जत लोकलने सरळ गाठता येणारी.

विकत घेण्याआधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी. पहिले १८९३चे, दुसरे १८६४चे. जुनी आवृत्ती मिळाली तरी बिघडत नाही. अयनचलनाने ताऱ्यांची चौकट अंशभर सरकायला सुमारे ७२ वर्षे लागतात. छापील तारानकाशात ग्रह मात्र नसतात, म्हणून सध्या पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ नकाशात नसलेला सर्वांत ठळक ठिपका दिसतो आणि नवखा गोंधळतो. तो गुरू. त्याची रास घरातल्या पंचांगात दिलेली असते. साधारण वर्षाला एक रास तो ओलांडतो, तेव्हा पुढच्या हिवाळ्यात पुस्तक हेच चालेल, पंचांग मात्र नवे लागेल.