अकरा गुंठे, अकरा नावं

मोठ्या शहराच्या आसपास जागा शोधायला गेलेल्या माणसाला एजंट हमखास "अकरा गुंठ्यांचा सातबारा" ऐकवतो. एकमेकांना न ओळखणारी अकरा माणसं मिळून एकाच खरेदीखताने अकरा गुंठे घेतात. सातबाऱ्यावर अकरा नावं सामाईक चढतात, आणि जागेवर दोरी धरून, चुना टाकून जो तो आपला गुंठा वेगळा करतो. कागदावर शेती अखंड, जमिनीवर वसाहत. ठराविक क्षेत्राहून लहान तुकडा विकू न देणाऱ्या तुकडेबंदीबद्दल लोकांचं मत काय, याचा सर्व्हे कुणी केला असेल-नसेल; मला तरी तो या चुन्याच्या रेघांत वाचायला मिळतो.

मूळ विचार घरांचा नव्हताच. 1927 साली मुंबई कौन्सिलात लहान शेतकऱ्यांच्या जमिनींविषयीचं विधेयक आलं. वारसागणिक शेताच्या चिंध्या होतात, तेव्हा वाटण्याच थांबवा, असा त्याचा रोख. नुकतेच सभासद झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला विरोध केला. 1918 च्या आपल्या निबंधात त्यांनी आधीच मांडलं होतं, की दुखणं शेताच्या आकाराचं नाही. शेतीवर माणसं जादा आहेत आणि त्यांना दुसरा उद्योग नाही, हे खरं दुखणं. ते विधेयक बारगळलं, पण त्यामागची कल्पना टिकली. 1947 साली तुकडे पाडण्यास बंदी करणारा आणि तुकड्यांचं एकत्रीकरण करणारा कायदा झाला, आणि ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकणं गुन्ह्यासारखं झालं.

घरांना तो आडवा आला तो नंतर, आणि आडवाटेने. गावठाणाची हद्द जुन्या मोजणीत आखलेली, वाढली ती नावापुरती. तिघा भावांची लग्नं झाली की धाकट्याने घर बांधायचं कुठे? मळ्यात. ते शेतघराच्या व्याख्येत बसलं नाही, तर 1966 च्या महसूल कायद्यानुसार बिनशेती परवाना लागे. ज्याच्याकडे मळाही नाही, त्याने गुंठा घ्यावा तर तुकडेबंदी. "मग आम्ही राहायचं कुठं?" या प्रश्नाला कोणत्याच कार्यालयात टेबल नव्हतं. म्हणून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर साठेखतं झाली, नोटऱ्या झाल्या, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदी झाल्या. त्या कागदांवर मुलींची लग्नं ठरली, पण बँकेने कर्ज मात्र दिलं नाही.

सरकार लोकांच्या या मताच्या मागे मागेच चालत आलं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत बिनशेती परवान्याची अट सैल झाली. 2017 मध्ये जुने तुकडे बाजारभावाच्या 25 टक्के रक्कम भरून नियमित करायची सोय झाली. ज्याने पोटाला चिमटा काढून गुंठा घेतला तो पाव किंमत पुन्हा कुठून भरणार? जुलै 2021 मध्ये नोंदणी खात्याने परिपत्रक काढून आणखी आवळलं; मंजूर रेखांकन नसेल तर तुकड्याचा दस्तच नोंदवू नका. मे 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे ठरलं. ऑक्टोबर 2024 मध्ये 25 टक्क्यांचे 5 झाले, आणि 2025 अखेरच्या अध्यादेशाने तेही माफ झाले. माझ्या लेखी ही उदारता कमी, शरणागती जास्त.

सीमेपलीकडे गोव्यात वारा उलटा. 2006 साली अधिसूचित झालेल्या प्रादेशिक आराखड्याने शेतं आणि डोंगर बांधकामाला खुले होणार म्हणताच गोवा बचाव अभियान उभं राहिलं, आणि 2007 मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. तिथला गावकरी निर्बंध मागतो, इथला मोडतो. याचा अर्थ गोंयकार निसर्गप्रेमी आणि घाटावरचा माणूस बेफिकीर, असा कुणी लावला तर तो घाईचा ठरेल. गोव्यात ज्यांची भीती होती ती बाहेरच्यांची सुट्टीतली घरं होती. इथे घर आहे ते धाकट्या भावाचं, नाहीतर एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्या पोराचं.

पण इथलंही मत हल्ली जागचं हलतंय. वीस वर्षांपूर्वीच्या चुन्याच्या रेघांवर आता दुमजली घरं आहेत, आणि मधली वाट जेमतेम आठ फुटांची, कारण रस्त्यासाठी कुणी आपल्या गुंठ्यातलं फूटभर सोडलं नाही. सांडपाणी शेजाऱ्याच्या ओट्याखालून जातं. घंटागाडी कोपऱ्यावर थांबून भोंगा वाजवते, बायका बादल्या घेऊन तिथवर चालत येतात. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका गल्लीत टँकर अडकला होता. मागच्या रानात नवी दोरी लागलेली पाहून, स्वतः अकरातला एक असलेला एक गृहस्थ मला तावातावाने म्हणाला, "यांना परवानगी देतं कोण?"