परसातला बाकला

बाकला म्हणजे आपला वाल नव्हे. वालाचा वेल मांडवावर चढतो. बाकल्याचे झाड चौकोनी, पोकळ दांड्यावर सरळ उभे राहते आणि त्याच्या पांढऱ्या फुलांवर काळा ठिपका असतो. त्या फुलांचा मंद सुवास हे वरकड सुख. पीक थंडीचे. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात बी २ इंच खोल, वीतभर अंतरावर टोकावे; उशीर झाल्यास उन्हाने फुले गळतात. खालच्या शेंगा धरू लागताच शेंडे खुडावेत, कारण काळा मावा प्रथम कोवळ्या शेंड्यांवरच बसतो.

परंतु बी टोकण्यापूर्वी घरातील माणसांचा विचार करावा. ज्यांच्या रक्तात ‘जी-६-पी-डी’ हे विकर जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी बाकला खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांत फुटू शकतात. चेहरा फिकट पडतो, डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते. हा दोष आईकडून येतो आणि त्याचा त्रास बहुधा मुलग्यांना होतो. बाकला शिजवून घेतला तरी धोका टळत नाही. अशी लक्षणे दिसताच मुलाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे आणि त्याने बाकला खाल्ल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आपल्या घरात कोणास हा दोष असल्यास त्या वाफ्यात मटार लावावा.