सहवैमानिकाचे उड्डाणतास

लालबाग-परळच्या गिरणगावात स्थिरावलेल्या कुटुंबांची गावे बहुतांशी कोकणात आणि घाटावर असल्यामुळे राज्यातील लहान शहरांना मुंबईशी जोडणारी विमानसेवा हा या वस्तीच्या जिव्हाळ्याचा विषय झाला आहे. केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेचा आरंभ २७ एप्रिल २०१७ रोजी झाला तेव्हा पहिल्याच दिवशीच्या मार्गांत नांदेड होते. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन होऊन मुंबईहून ‘अलायन्स एअर’ची सेवा तेथे सुरू झाली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळचा बेलोरा विमानतळही मुंबईशी जोडला गेला. अशा मार्गांवर बहुधा ‘एटीआर ७२’ जातीचे, पंख्याच्या इंजिनांवर चालणारे सुमारे सत्तर आसनांचे विमान वापरले जाते. त्याच्या पुढच्या कक्षात, म्हणजे कॉकपिटमध्ये, डाव्या आसनावर विमानाची अंतिम जबाबदारी असलेला कॅप्टन आणि उजव्या आसनावर सहवैमानिक बसतो. हा सहवैमानिक नुकताच नोकरीला लागलेला असेल, तर त्याने आजवर किती तास विमान चालवलेले असावे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळ्या देशांनी अगदी वेगवेगळे दिले आहे.

भारतात हे उत्तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ही नियामक संस्था देते. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला या क्षेत्रात सर्रास सीपीएल म्हणतात, मिळवण्यासाठी उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते, वैद्यकीय तपासणी आणि विमानविषयक कायदे, दिशादर्शन, हवामानशास्त्र व तांत्रिक ज्ञान यांच्या परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि लॉगबुकमध्ये, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या वहीत, किमान २०० तास जमा असावे लागतात. या दोनशे तासांचेही पोटभाग ठरलेले आहेत. त्यांपैकी १०० तास उमेदवाराने विमानाचा प्रमुख या नात्याने उडवलेले असले पाहिजेत. २० तास एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या लांबच्या प्रवासाचे असावेत आणि त्यांत किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरांचा, वाटेत दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरून केलेला एक प्रवास असावा. १० तास बाहेर न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याचे आणि ५ तास रात्रीचे असावेत.

या आकड्यांतील शेवटचे दोन आकडे विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. दोनशे तासांचे प्रशिक्षण मुख्यतः दोन ते चार आसनांच्या, एका इंजिनाच्या विमानांवर होते आणि बारामती, धुळे, गोंदिया यांसारख्या महाराष्ट्रातील प्रशिक्षणस्थळी ते साहजिकच स्वच्छ हवामान साधून केले जाते, कारण नवशिक्याला वादळी ढगात पाठवणे कोणत्याही प्रशिक्षकाला परवडणारे नाही. याचा परिणाम असा होतो की, ज्याच्या हाती परवाना आला आहे अशा तरुणाने ढगांच्या पोटात, काहीही दिसत नसताना, प्रत्यक्षात फारच थोडा काळ काढलेला असतो. सह्याद्रीवरचा आषाढ त्याला प्रथम भेटतो तो प्रवासी विमानाच्या उजव्या आसनावरून.

अर्थात परवाना मिळाला म्हणून कोणी थेट प्रवासी विमानात बसत नाही. प्रत्येक जातीच्या मोठ्या विमानासाठी ‘टाइप रेटिंग’ हे स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याचा बराचसा भाग सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच ठेवलेल्या पण विमानाची हुबेहूब हालचाल व बिघाड दाखवू शकणाऱ्या यंत्रकक्षात, पूर्ण केला जातो आणि त्यानंतर प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणे करावी लागतात. पुढे लॉगबुकमध्ये १५०० तास आणि त्यांतील ठरलेले पोटभाग पूर्ण झाले, वयाची २१ वर्षे उलटली आणि आणखी परीक्षा पार पडल्या की एटीपीएल हा वरचा परवाना मिळतो आणि त्यानंतरच कॅप्टन होण्याची वाट मोकळी होते. भारतीय पद्धतीत २०० ते १५०० या दरम्यानचा अनुभव असा प्रवाशांना घेऊनच मिळवला जातो, ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. यात गैर काहीच नाही. युरोपातही सहवैमानिक साधारण याच टप्प्यावर रुजू होतात. मात्र या पद्धतीत शिकवण्याची जबाबदारी प्रशिक्षण संस्थेकडून विमान कंपनीकडे आणि शेजारच्या आसनावरील कॅप्टनकडे सरकते.

मुंबईला तासांचा हा हिशेब जवळजवळ शतकभर परिचित आहे. जुहूच्या धावपट्टीवर १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि तेथेच शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला. प्रशिक्षकासोबत चार तासांहूनही कमी उड्डाण झाल्यावर त्यांनी एकट्याने विमान चालवले होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते याच जुहूला उतरले, तेव्हा विमानात त्यांच्यावाचून दुसरे कोणी नव्हते आणि चूक झालीच असती तर तिची किंमत एका माणसापुरती होती. प्रवासी वाहतूक वाढत गेली तसा तासांचा प्रश्न वैमानिकाच्या धाडसाकडून लोकांच्या सुरक्षिततेकडे वळला.

या प्रश्नाचे सर्वांत कडक उत्तर अमेरिकेने दिले आणि त्यामागे एक भीषण अपघात होता. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नूअर्कहून बफेलोला निघालेले ‘कोल्गन एअर’ या प्रादेशिक कंपनीचे, एटीआरसारखेच पंख्याच्या इंजिनांचे विमान उतरण्याच्या बेतात असताना कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि जमिनीवरील एक, असे ५० जण मृत्युमुखी पडले. विमानाचा वेग धोकादायक मर्यादेपर्यंत उतरला होता. अशा वेळी पंखांना विमान तोलून धरता येत नाही, त्या अवस्थेला स्टॉल म्हणतात आणि ती ओढवण्यापूर्वी वैमानिकाच्या हातातील सुकाणू जोराने थरथरू लागून इशारा देते. इशारा मिळताच नाक खाली करून वेग वाढवणे हा अगदी प्राथमिक धडा असताना कॅप्टनने सुकाणू मागे ओढले आणि नाक आणखी वर गेले. चौकशीत असेही पुढे आले की हा कॅप्टन पूर्वी अनेक उड्डाणचाचण्यांत अनुत्तीर्ण झाला होता आणि तुटपुंज्या पगारावर काम करणारी सहवैमानिक रात्रभर देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून कामावर आली होती.

मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केल्यामुळे २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून अमेरिकेत प्रवासी विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही १५०० तासांची अट लागू झाली. त्याआधी २५० तासांवर ही नोकरी मिळू शकत असे. लष्करी वैमानिकांना ७५० तासांवर, तर विमानशास्त्राच्या विशिष्ट पदवीधरांना १००० तासांवर सवलत ठेवण्यात आली. या अटीचे समर्थन करणाऱ्यांच्या दुःखाविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक वस्तुस्थिती नोंदवणे भाग आहे, ती ही की त्या विमानातील कॅप्टनच्या खाती ३३०० हून अधिक आणि सहवैमानिकाच्या खाती २२०० हून अधिक तास होते. नवी अट त्या रात्री अस्तित्वात असती तरी त्या दोघांपैकी कोणालाही तिने रोखले नसते. नव्या परवानाधारकांना मग १५०० तास भरण्यासाठी वर्षानुवर्षे लहान विमानांवर नवशिक्यांना शिकवावे लागले किंवा जाहिरातीचे फलक ओढत फिरावे लागले, आणि स्वच्छ आकाशात त्याच विमानतळाभोवती घातलेल्या हजाराव्या फेरीने दोन इंजिनांच्या, दोन वैमानिकांच्या विमानाची कितपत तयारी होते, हा वाद तेथे अजूनही मिटलेला नाही.

दक्षिण आशियातील अपघातांचा अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवतो. २२ मे २०१० रोजी मंगळुरू येथे धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन दरीत कोसळलेल्या विमानात १५८ जणांचा मृत्यू झाला. त्याच्या कॅप्टनचा अनुभव दहा हजार तासांहून अधिक होता आणि त्याच्याहून खूपच कमी अनुभवाचा सहवैमानिक उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्यास वारंवार सांगत होता. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधील पोखरा येथे पडलेल्या एटीआर विमानात तर एकवीस हजारांहून अधिक तासांचा कॅप्टन होता. उतरताना फ्लॅपच्या, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपांच्या, दांड्याऐवजी शेजारचे दोन दांडे ओढले गेल्याने इंजिने चालू असूनही पंख्यांचा जोर नाहीसा झाला आणि ७२ जण दगावले. सहवैमानिकाला केवळ विमान चालवता येऊन भागत नाही. वयाने, हुद्द्याने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या माणसाची चूक त्याला वेळेवर दिसली पाहिजे आणि ती ठामपणे बोलून दाखवता आली पाहिजे. वडीलधाऱ्यांपुढे न बोलण्याचे वळण ज्या समाजात घराघरांत लावले जाते, तेथे हे कौशल्य स्वतंत्रपणे शिकवावे लागते आणि लॉगबुकात त्यासाठी रकाना नसतो.

तासांची संख्या आणि प्रत्यक्ष कसब यांतला हा फरक प्रादेशिक मार्गांच्या बाबतीत अधिकच महत्त्वाचा ठरतो. दूरच्या पल्ल्याच्या विमानात दहा तासांच्या उड्डाणात एकदाच चढायचे आणि एकदाच उतरायचे असते, तर लहान पल्ल्यांवर तेवढ्या तासांत हे काम सात-आठ वेळा करावे लागते. शिवाय विमानाला धावपट्टीच्या रेषेत अचूक खाली आणणारी यंत्रणा अनेक लहान विमानतळांवर नसते आणि धावपट्टीही आखूड असते. सर्वांत नवखे वैमानिक अशा रीतीने सर्वांत जास्त कसब मागणाऱ्या सेवेत येतात, पण याच सेवेत त्यांचे कसब सर्वांत लवकर घडते. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी संपूर्ण महिला कर्मचारी असलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे नेतृत्व केले, तेही कोलकाता ते सिलचर अशा प्रादेशिक मार्गावर आणि ‘फोकर फ्रेंडशिप’ या पंख्याच्याच विमानातून.

तासांच्या संख्येवर सारा भर दिला की ती संख्या फुगवण्याचा मोहही वाढतो. २०११ मध्ये देशात बनावट गुणपत्रिकांवर परवाने घेतल्याची आणि न केलेली उड्डाणे लॉगबुकात लिहिल्याची प्रकरणे उघड झाली, काही वैमानिकांना अटक झाली आणि परवान्यांची फेरतपासणी करावी लागली. याची दुसरी बाजू पैशाची आहे. टाइप रेटिंग धरून प्रशिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटी रुपयांच्या पुढे सहज जातो, त्यामुळे गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय घरातील मुलाला किंवा मुलीला या वाटेवर पाठवायचे तर बहुधा राहते घर तारण ठेवावे लागते आणि अशा घरावर अमेरिकेसारखी पंधराशे तासांची अट लादली, तर वाट उरते ती केवळ श्रीमंतांसाठी. एअर इंडियाने बेलोरा येथे वर्षाला १८० वैमानिक घडवण्याच्या क्षमतेची प्रशिक्षण अकादमी उभारण्याचे काम हाती घेतले असून तिच्यासाठी ३४ विमाने मागवली आहेत, त्यांपैकी ३१ एका इंजिनाची आणि केवळ ३ दोन इंजिनांची आहेत. त्या तीन विमानांवर, सिम्युलेटरमध्ये आणि विदर्भाच्या पावसाळी आकाशात प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला किती वेळ येतो, हे विचारण्याचा अधिकार त्याच्या पालकांना आहे आणि पुढे त्याच्या विमानात बसणाऱ्या प्रवाशांनाही.