सुई न टोचता यकृताची पारख

फॅटी लिव्हरमध्ये खरा धोका चरबीपेक्षा यकृतात साचणाऱ्या व्रणांचा, म्हणजे फायब्रोसिसचा असतो. तो ओळखायला दर वेळी बायोप्सी लागत नाही.

● फिब-४ : वय, एएसटी व एएलटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स आणि प्लेटलेट यांवरून काढलेला आकडा. वय ५०, एएसटी ४०, एएलटी ३६, प्लेटलेट २ लाख असतील, तर फिब-४ सुमारे १.६७ येतो.

● अर्थ : १.३ पेक्षा कमी असल्यास धोका कमी, २.६७ पेक्षा जास्त असल्यास यकृततज्ज्ञांना गाठावे. मधल्यांनी फायब्रोस्कॅन करावा. पासष्टीनंतर खालची मर्यादा २.० धरतात.

● फायब्रोस्कॅन : बरगड्यांमधून सोडलेली लहर यकृताचा कडकपणा मोजते. ८ किलोपास्कलच्या आत दिलासा, १२ च्या वर चिंता. आधी किमान ३ तास उपाशी राहावे.

● सोनोग्राफी : चरबी दाखवते, सुरुवातीचे व्रण दाखवत नाही.

● पुन्हा कधी? : धोका कमी असल्यास २-३ वर्षांनी, मधुमेह असल्यास १-२ वर्षांनी.

एएलटी नॉर्मल आले तरी निर्धास्त राहू नका. मधुमेह किंवा लठ्ठपणा असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना फिब-४ काढायला जरूर सांगा.