उतारवयात ताकद कशी टिकवावी?

एका गावात एक आबा होते. उमेदीत असताना ते ज्वारीचे पोते एकटे उचलून गाडीत टाकत. साठी उलटली आणि पोते उचलेना. पुढे भरली बादलीही जड वाटू लागली. मुलगा म्हणाला, "आबा, लई कष्ट केले. आता नुसते बसून राहा."

मुलगा मायेने बोलला. आबा ओसरीवर बसले, ते बसूनच राहिले. वर्षभराने खाटेवरून उठतानाही त्यांना हात द्यावा लागू लागला.

असे का झाले?

आपण चालतो, वाकतो, ओझे उचलतो, ते स्नायूंच्या जोरावर. स्नायू म्हणजे हाडांना धरून असलेले मांस. चाळिशीनंतर ते हळूहळू झिजू लागते. साठीनंतर जास्त झिजते. हे सर्वांचेच होते. त्याची लाज कशाला वाटावी?

पण बसून राहिल्यानेही ताकद जाते. विळा वापरला नाही तर गंजतो. अंगाचेही तसेच आहे.

मग गेलेली ताकद परत येते का? बरीचशी येते. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉक्टरांनी एक प्रयोग केला. तो १९९० साली छापून आला. नव्वदीच्या आसपासची १० अशक्त माणसे त्यांनी निवडली. त्यांच्याकडून ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली.

आपण घरी काय करावे?

रोज थोडे चालावे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसावे आणि उठावे. आधी ५ वेळा, मग १० वेळा. तोल जात असेल तर कुणाला तरी जवळ उभे करावे. भरली बादली जमत नसेल तर अर्धी न्यावी, दोन खेपा कराव्या. काठी घेण्यात कमीपणा नाही. पडून हाड मोडण्यापेक्षा काठी बरी.

खाण्याकडेही बघावे. म्हातारपणी भूक मंदावते. मग माणूस चहा-भाकरीवर भागवतो. तेवढ्याने अंग धरत नाही. रोज दाट वरण किंवा उसळ खावी. दूध, दही घ्यावे. चालत असेल त्याने अंडी, मासळी खावी. दात नसतील तर शेंगदाणे कुटून घ्यावेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. म्हातारपणाची ताकद हळूहळू कमी होते. एकाएकी हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा छातीत दुखू लागले, तर "वय झालं" म्हणून बसू नका. तो आजार आहे. लगेच दवाखाना गाठा. महाराष्ट्रात १०८ नंबरला फोन केला की रुग्णवाहिका येते.

आबांचे पुढे काय झाले? त्यांच्या सुनेच्या ध्यानात सारे आले. ती म्हणाली, "आबा, शेळी तेवढी बांधावर नेता का?" पहिल्या दिवशी आबा अंगणापर्यंतच गेले. मग वेशीपर्यंत. मग बांधावर. रात्रीच्या ताटात वरणाची वाटी आली.

पोते काही आबांनी पुन्हा उचलले नाही. पण आता खाटेवरून उठायला त्यांना कुणाचा हात लागत नाही.