पोरांना कालवा शिकवताना

दर वेळी आपण बचतीवर, कर्जावर, हप्त्यांवर बोलतो. आज मात्र कालव्यावर बोलणार आहोत. आमच्या गटातल्या आम्ही सहा जणी चार शनिवार गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो आणि पाचवी ते सातवीच्या पोरांना मुठा कालव्याचा इतिहास शिकवला. आम्ही काही मास्तरीण नाही, तरी का गेलो ते आधी सांगतो.

आमचं गाव दौंड तालुक्यातलं. गावाच्या वरच्या अंगानं नवा मुठा उजवा कालवा जातो आणि खालच्या अंगाला जुना, ज्याला सगळे 'बेबी कालवा' म्हणतात. उन्हाळी आवर्तन सुटलं होतं. गटातल्या एकीचा मुलगा शेळी पाजायला नव्या कालव्याच्या कडेला उतरला आणि शेवाळावरून घसरला. कालव्याला अस्तर आहे, त्यामुळे हाताला धरायला काही मिळत नाही. थोड्या अंतरावर दोघी जणी गोधड्या धूत होत्या. त्यांनी धुतलेल्या दोन साड्या गाठ मारून फेकल्या. त्या पोरानं धरल्या म्हणून तो आज शाळेत आहे.

दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, ताई, तुम्ही येऊन पोरांना कालव्याकडे जाऊ नका म्हणून सांगा. आम्ही विचार केला, 'जाऊ नका' तर आपण घरी रोजच सांगतो. ज्या कालव्यावर शेळी पाजायची, धुणं धुवायचं, ज्याच्या पाण्यावर ऊस, त्याच्याकडे पोरं जाणारच. मग तो कुठून आला, कुणी केला, त्यात पाणी कसं चालतं, हेच शिकवायचं ठरवलं. ज्याची ओळख असते त्याला माणूस जपून वागवतो, निदान पोरं तरी.

पहिल्या दिवशी विचारलं, कालवा कुणी बांधला? सगळी एका सुरात म्हणाली, इंग्रजांनी. आमची सुलू म्हणाली, मग इंग्रज टिकाव-घमेलं घेऊन उतरले होते का रे? पोरं हसली आणि तिथून धडा सुरू झाला.

खडकवासल्याचं धरण १८६९ च्या सुमाराला सुरू झालं आणि १८७९ मध्ये पुरं झालं. फाइफ नावाचा इंग्रज इंजिनिअर होता, त्याच्या नावानं तलावाला 'फाइफ लेक' म्हणत. पुण्याला आणि खडकीच्या छावणीला प्यायला पाणी हवं होतं, आणि पुण्याच्या पूर्वेच्या कोरड्या पट्ट्याला शेतीसाठी. म्हणजे शहर आणि शेत, दोघांची नावं या पाण्यावर पहिल्या दिवसापासून आहेत. नदी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड करून उभं राहायचं, उजव्या हाताला निघतो तो उजवा कालवा. हे पोरांना इतकं आवडलं की दिवसभर ओढ्याला, गटारालासुद्धा उजवं-डावं लावत होती.

धरणाचं काम चालू असतानाच १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला. पुणे जिल्ह्यात दुष्काळी कामं निघाली, त्यात कालव्यांची मातीकामंही होती. मजुरी किती? दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि वर थोडी चिल्लर. एवढ्यावर दिवसभर माती वाहायची. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी काम सोडून दिलं होतं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं या मजुरीविरुद्ध आवाज उठवला होता. आम्ही वर्गात तराजू नेला आणि एक पौंड ज्वारी तोलून दाखवली. एक मुलगी म्हणाली, एवढ्यात तर आमच्या घरी सकाळच्याच भाकरी होतात.

ती माणसं कोण होती, त्यांची नावं कुठे सापडत नाहीत. पण तसं काम केलेल्या बाया आपल्या गावात अजून आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली एक आजी आम्ही वर्गात आणली. तिनं जमिनीवर काठीनं रेघा ओढून चौकडी दाखवली, कशी खणायची, मुकादम कसं माप घ्यायचा, माप कमी भरलं की मजुरी कशी कापायचा. लाल मिलोची भाकरी, सुकडी, झाडाला झोळी बांधून तीत निजवलेलं तान्हं, सगळं सांगितलं. तिच्या बोलण्यानंतर पोरांनी आपापल्या घरी जाऊन विचारलं आणि पुढच्या शनिवारी अकरा पोरं वहीत लिहून आली. आम्ही एवढंच सांगितलं होतं की आजोबांना विचारलंत तर आजीलाही विचारा.

जोतीराव फुल्यांचं नाव पोरांना पाठ आहे, पण ते खडकवासल्याच्या कामावर कंत्राटदार होते आणि पुढे मांजरीला कालव्याच्या पाण्यावर त्यांनी शेती केली, हे कुणाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हा सहा जणींतही दोघींनाच ठाऊक होतं. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी पाटाच्या पाण्याचंही लिहिलंय. पट्टी घेता पण पाणी वेळेवर देत नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि शेताशेताला मापानं पाणी मिळावं म्हणून तोटी करून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ते ऐकून मागं उभे असलेले गुरुजीच म्हणाले, हे तर कालच्या ग्रामसभेतलं वाटतंय.

सगळ्यात रंगला तो तिसरा शनिवार. शाळेच्या पटांगणात पोरांनी खुरप्यानं वीस-एक पावलं लांब चर खणला, एका टोकाला थोडा उंच, दुसऱ्याला थोडा खाली. कालव्याला मोटार लागत नाही, एवढ्या उतारानंच पाणी चालतं. म्हणून कालव्याच्या खालच्या अंगाची जमीन भिजते आणि वरच्या अंगाची, अगदी हाकेच्या अंतरावर असून, कोरडी राहते. चराला सहा चाऱ्या काढल्या, प्रत्येकीपाशी दोन पोरं आणि एक वाटी. वरून एक बादली पाणी सोडलं. पहिल्या तिघांच्या वाट्या भरल्या, चौथ्याला अर्धी मिळाली, पाचव्याला चिखल, सहाव्याला काहीच नाही. सहाव्या चारीवरचा मुलगा रडवेला झाला. त्याच्या बापाचं शेत खरोखरच चारीच्या शेवटाला आहे, टेलला. तो म्हणाला, आमचं रोजचंच आहे हे.

मग पुन्हा बादली भरली. या वेळी वरच्या पाच चाऱ्यांची तोंडं मातीनं बंद केली आणि शेवटच्या वाटीपासून वर वर सोडत आलो. सगळ्यांना मिळालं, कुणाची वाटी काठोकाठ भरली नाही एवढंच. टेलकडून हेडकडे पाणी द्यायचं, हा नियम कागदावर आहेच. पोरांनी विचारलं, मग तसं का देत नाहीत? आम्ही खरं ते सांगितलं: रात्री वरच्या शेतकऱ्यानं दार उचललं तर त्याला धरायला कुणी जात नाही. त्यात आमच्याही घरची माणसं आहेत, हे सांगताना आम्हाला अवघड झालं. पाणी वापर संस्थेत सभासद व्हायचं तर शेत नावावर लागतं, आणि आम्हा सहा जणींत सातबाऱ्यावर नाव एकीचंच. तेही पोरांनीच मोजलं.

त्याच दिवशी एकोणतीस पेले मांडले. खडकवासला साखळीतल्या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावतं: वरसगाव पावणेतेरा, पानशेत साडेदहाच्या वर, टेमघर पावणेचारला थोडं कमी आणि खडकवासला जेमतेम दोन. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. सगळ्यात जुनं आणि नावाजलेलं धरण सगळ्यात लहान निघालं, याचं पोरांना फार नवल. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी तिथं आपोआप उघडणारी आणि मिटणारी दारं बसवली, ती भिंत न वाढवता जास्त पाणी साठावं म्हणूनच. पेल्यांपैकी पिण्याचे आधी बाजूला काढायचे, मग शेतीचे. किती काढायचे यावरून वर्गात जोरात भांडण झालं. ज्या पोरीची मावशी पुण्यात राहते ती शहराच्या बाजूनं भांडत होती. आम्ही मध्ये पडलो नाही.

पानशेतची गोष्ट सांगितली ती धोक्यासाठी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं नवं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याची जुनी भिंतही गेली आणि पुण्यात हाहाकार झाला. आणि २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ कालव्याचीच भिंत फुटून वस्तीत पाणी घुसलं, बायांचे भरले संसार वाहून गेले. घुशींनी, खेकड्यांनी पोखरलं असं तेव्हा सांगण्यात आलं. म्हणून भरावात बीळ दिसलं किंवा पाणी झिरपताना दिसलं की मोठ्यांना सांगायचं, हे पोरांनी लिहून घेतलं. आणि हेही की पडलेल्याच्या मागं उडी मारायची नाही. साडी, दोर, काठी, जे असेल ते फेकायचं. ते आम्ही कोरड्या पटांगणात करून घेतलं, गाठ मारायला लावून.

आता बेबी कालव्याचं. पोरांच्या लेखी तो म्हणजे नाक धरून ओलांडायचा कालवा. शहरातलं वापरलेलं पाणी प्रक्रिया करून मुंढव्याहून उचलतात आणि त्यात सोडतात, ते आपल्याकडे शेतीला येतं. कधी वास, कधी फेस, हे सगळ्यांना ठाऊक. पण ज्याला आपण बेबी म्हणतो तो मूळचा, दीडशे वर्षांच्या घरातला कालवा. नवा मोठा कालवा त्यानंतरचा. हे कळल्यावर एक पोरगा म्हणाला, मग ही बेबी कशी, ही तर आजी आहे. आता अख्खी शाळा त्याला 'आजी कालवा' म्हणते. चौथ्या शनिवारी त्याच्या काठानं चालत गेलो तेव्हा पोरांनी जुन्या घडीव दगडांची एक मोरी शोधून काढली. आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून तिच्यावरून जातोय, कधी वाकून पाहिलं नव्हतं.

तुमच्या गटाला हे करायचं असेल तर फार काही लागत नाही: खुरपी, बादली, वाट्या, तराजू आणि गावातली एक बोलकी म्हातारी. फक्त आवर्तन चालू असताना पोरांना काठावर नेऊ नका, आणि प्रत्येक दहा पोरांमागं दोन मोठी माणसं हवीत.

पावसाळ्यानंतर गुरुजी पोरांना खडकवासल्याला न्यायचं म्हणतायत. एसटीची चौकशी चालू आहे, भाडं जास्त सांगतायत, निम्मं गटाच्या निधीतून द्यायचं का यावर येत्या बैठकीत बोलणार आहोत. खडी फोडलेल्या आजींनी मात्र आताच बजावून ठेवलंय की खिडकीची जागा त्यांची. इतकी वर्षं पाणी पाहिलं, पण ते सुटतं कुठून हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही.