मॅस्टोडॉनचा सर्व्हर अपडेट करताय? आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या!

एक्ससारखे सोशल मीडिया स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते का? हो. जर्मनीतील ऑयगन रोचको यांनी २०१६ मध्ये आणलेले 'मॅस्टोडॉन' हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे.

सर्चमध्ये काय बदलले?
सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीपासून सार्वजनिक पोस्टमधील मजकूरही शोधता येतो. अटी दोन : पोस्ट लिहिणाऱ्याने सेटिंगमध्ये परवानगी दिलेली हवी आणि सर्व्हरवर 'इलास्टिकसर्च' हवे.

धोका कुठे?
खाती, पोस्ट, फॉलोअर हे सगळे 'पोस्टग्रेएसक्यूएल' डेटाबेसमध्ये असते. इलास्टिकसर्चकडे असते ती फक्त सूची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. सूची बिघडली तर डेटाबेसवरून पुन्हा तयार होते. डेटाबेसच गेला, तर बॅकअपशिवाय काहीच परत येत नाही. अपडेटमध्ये अनेकदा डेटाबेसची रचनाही बदलते, म्हणून जोखीम तिथेच.

काय कराल?
आधी डेटाबेस आणि गुप्त की असलेली सेटिंग फाइल, दोन्हींचा बॅकअप दुसऱ्या मशिनवर ठेवा. या की हरवल्यास सगळे युजर लॉगआउट होतात. मग अपडेट करा आणि शेवटी सूची नव्याने बांधा. तोवर सर्च अपुरे चालेल, पण लोकांच्या पोस्ट शाबूत राहतील.